स्लीप अ‍ॅप्निया आणि रात्रीचं बीपी: या चुका टाळा

दिवसा मोजलेलं १२८/८० बीपी लोक डायरीत लिहून आणतात आणि म्हणतात, "बघा, बीपी एकदम कंट्रोलमध्ये आहे." घोरणं घरभर ऐकू जातं, झोपेत श्वास अडकतो, सकाळी डोकं जड असतं, पण डायरीतला आकडा चांगला, म्हणून सगळे निश्चिंत. गेली कित्येक वर्षं झोपेच्या तपासण्या करताना मी हेच ऐकत आले आहे. अशा माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, "रात्री किती असतं?" बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्के उतरतं. रक्तवाहिन्यांना चोवीस तासांत खरी उसंत मिळते ती तेवढीच. अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडकण्याच्या आजारात, ही उतरण कमी होते, नाहीशी होते, काहींचं बीपी तर रात्री उलट चढतं. घसा मिटतो, श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मेंदूला धोक्याचा निरोप जातो आणि शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मग माणूस दचकून श्वास घेतो आणि नेमक्या त्याच क्षणी बीपी उसळतं. तासाला ३० वेळा श्वास अडकत असेल तर सात तासांच्या झोपेत अशा २१० उसळ्या. धमनीच्या आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे ती सैल राहते. ऑक्सिजनच्या या रोजच्या चढउतारात ते काम मंदावतं आणि धमनी हळूहळू कडक होत जाते. कडक धमनी हृदयाचा ठोका झेलत नाही, त्यामुळे वरचा आकडा वाढतो आणि वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतरही. हे सगळं रात्री घडतं आणि आपण मोजतो दिवसा.

२४ तासांचं मशीन रात्री काढून ठेवणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एक गृहस्थ होते, पन्नाशीतले, बीपीच्या दोन गोळ्या चालू. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत जाड दिसली म्हणून डॉक्टरांनी २४ तासांचं बीपी करायला सांगितलं, म्हणजे अंगावरचं मशीन दिवसरात्र ठरावीक वेळाने आपोआप बीपी मोजतं ती तपासणी. दंडाला पट्टा बांधून मी त्यांना घरी पाठवलं. रिपोर्ट आला, सरासरी १२६/७८. सगळे खूश. तीन महिन्यांनी तेच गृहस्थ झोपेच्या तपासणीला आले, कारण गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला होता. तासाला ४१ वेळा श्वास अडकत होता. मी जुना रिपोर्ट काढला. रात्री अकरा ते सकाळी सात एकही नोंद नव्हती. झोपमोड होते म्हणून त्यांनी पट्टा काढून उशाशी ठेवला होता आणि ती १२६/७८ ही सरासरी निव्वळ दिवसाची होती. तो रिपोर्ट माझ्याच हातून पुढे गेला होता. रात्रीचा रिकामा रकाना मी पाहिला नव्हता, याची खंत मला अजून आहे. पुन्हा पट्टा बांधला, या वेळी रात्रभर ठेवला. दिवसा १३१/८२, रात्री १४९/८८. रात्रीची सरासरी १२०/७० च्या खाली हवी.

तेव्हापासून सरासरी वाचण्याआधी मी नोंदी मोजते. दिवसाच्या किमान २० आणि रात्रीच्या किमान ७ चांगल्या नोंदी नसतील तर तपासणी पुन्हा. दुसरी सवय म्हणजे झोपायची आणि उठायची वेळ मी त्या माणसाकडूनच लिहून घेते. मशीनने रात्र दहा ते सहा धरलेली असते आणि माणूस एक वाजता झोपलेला असतो. जागेपणीचे तीन तास असे रात्रीत मिसळले की बीपी उतरलं नाही असं उगाच दिसतं. आणि पट्टा ज्या हाताला बांधलाय तो कुशीवर झोपताना वरच्या बाजूला येत असेल, तर तेही सांगा. हात हृदयाच्या वर गेला की आकडा खोटाच कमी येतो.

पहाटे तीनचा गजर लावून बीपी मोजणं

करू नका. दचकून उठलेल्या माणसाचं ते बीपी असतं, झोपलेल्याचं नव्हे.

सीपॅप अर्धी रात्र लावणं

सीपॅप म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन. "चार तास लावला की पुरे ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. माणूस अकराला मास्क लावून झोपतो, तीनला जाग येते, मास्क काढतो आणि पुढे सातपर्यंत तसाच झोपतो. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, पहाटेच्या बाजूला जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात, श्वास जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. म्हणजे धमन्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो त्याच तासांत मास्क उशीखाली पडलेला असतो.

२०१६ मध्ये २,७१७ रुग्णांवरचा 'सेव्ह' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सीपॅपने हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, असं त्यात आढळलं. तेवढंच वाचून मशीन कपाटात टाकणारे मला भेटले आहेत. त्याच अभ्यासात लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास वापरलं होतं, हे त्यांनी वाचलेलं नसतं. तीन किंवा जास्त गोळ्या घेऊनही बीपी न उतरणाऱ्यांवर स्पेनमध्ये एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांत सीपॅपवाल्यांचं २४ तासांचं सरासरी बीपी बाकीच्यांपेक्षा सुमारे ३ मिमीने (बीपीचा आकडा पाऱ्याच्या मिमीत असतो) जास्त उतरलं, रात्रीची उतरण जास्त जणांत परत आली आणि ज्यांनी मशीन जास्त तास लावलं त्यांचं बीपी जास्त उतरलं.

दोन रात्रीत कंटाळणाऱ्यांना मी रात्री मास्क लावायलाच सांगत नाही. आठवडाभर संध्याकाळी जागेपणी, खुर्चीत बसून अर्धा तास लावा. हवा गळते म्हणून पट्टे करकचून आवळू नका, नाकावर जखम होते आणि हवा तरीही गळते. मशीन चालू करून आडवे व्हा आणि मग मास्क बसवा, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. तोंड कोरडं पडत असेल तर मशीनचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवा. तीनला जाग आली तर पाणी प्या, पण मास्क परत लावूनच पाठ टेका.

मशीन आलं म्हणून गोळ्या बंद करणं

सीपॅपने सरासरी दोन-तीन मिमी उतरतात, गोळीने त्याहून बरेच जास्त. कमी करायच्याच असतील तर नवं २४ तासांचं बीपी हातात घेऊन डॉक्टरांनी ठरवायचं.

उलट टोकाची माणसंही आहेत. कुठलासा मेसेज वाचून सगळ्या गोळ्या परस्पर रात्रीवर नेतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या 'टाइम' अभ्यासात, २०२२ मध्ये, सकाळी की संध्याकाळी यात हृदयविकाराच्या दृष्टीने फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती धरा. रात्रीचं बीपी चढतं म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम वेळ बदलली असेल तर गोष्ट वेगळी.

झोप लागावी म्हणून दारू

घसा आणखी ढिला पडतो. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे सांगितल्याशिवाय घेऊ नका.

रात्री लघवीला उठण्याचं खापर फक्त प्रोस्टेटवर फोडणं

मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत उलटा ताण येतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतात. रात्री चढलेलं बीपीही मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. म्हणून "रात्री किती वेळा उठता?" हे मी तपासणीच्या दिवशी कागदावर लिहून घेते आणि सीपॅप लागल्यावर महिन्याने पुन्हा विचारते. तीन-चारवरून आकडा एकवर आला असेल, तर मास्क पहाटेपर्यंत राहतोय हे मला मशीनचा डेटा उघडण्याआधीच कळतं.