रात्री ताप आला तर कोणाला उठवतोस?

मी लिहिलेला पहिला गृहचौकशी अहवाल मला अजून शब्दन्‌शब्द आठवतो. "घर एका खोलीचे. वडील व्यसनी. आई रुग्णालयात. शेजाऱ्यांचे सहकार्य नाही. मुलांना संस्थेत ठेवणे योग्य." साल 2017. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू, होऊन चार महिने झाले होते. अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांनी माझा कागद मान्य केला. अकरा वर्षांचा भाऊ मुलांच्या बालगृहात गेला आणि आठ वर्षांची बहीण मुलींच्या. दहा वर्षांपुढच्या मुलग्यांना आणि मुलींना वेगळ्या संस्थेत ठेवतात हा नियम मला पाठ होता, पण अहवाल लिहिताना या दोघांचं काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. निघताना भावाची पाण्याची बाटली बहिणीच्या हातात राहिली. ती द्यायला मी मागे पळाले, तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी मला काही विचारलं की मी त्या पाच ओळींपासून सुरुवात करते. (ओळख पटेल असा तपशील इथे बदलला आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार बालकाची ओळख उघड करता येत नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कौतुकाने टाकलेला फोटोसुद्धा त्यात येतो, हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्या.)

लोक बालगृहाला सरसकट अनाथाश्रम म्हणतात. मीही कॉलेजात असताना तेच म्हणायचे. प्रत्यक्ष फाइली वाचायला लागल्यावर कळलं की यातल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, कित्येकदा दोघंही, हयात आहेत. मग मूल इथे का? मुंबईसारख्या शहरात त्याची कारणं फिरून फिरून तीच समोर येतात. आईचं लांबलेलं आजारपण. बापाची दारू. नवऱ्याने टाकलेली बाई, जी चोवीस तासांच्या कामाला राहते आणि तिथे मूल चालत नाही. आईचं दुसरं लग्न, आणि नव्या घरात पहिल्या मुलाला नसलेली जागा. पाडलेली झोपडी. घरात मार खाऊन गाडीत बसलेला आणि सीएसएमटीला किंवा कल्याणला फलाटावर सापडलेला मुलगा. गावात अशा वेळी आजी, चुलती, कोणीतरी मूल ओढून घेतं. शहरात आलेल्या कुटुंबाची ही माणसं मागे राहिलेली असतात, आणि इथली नवी माणसं कुठल्याच कागदावर नसतात.

जून महिना लागला की आणखी एक गोष्ट दिसेल. आया स्वतःहून मुलांना घेऊन समितीच्या दारात येतात. शाळा सुरू होणार, वह्या-पुस्तकांचे पैसे नाहीत, वस्ती चांगली नाही, "इथे ठेवून घ्या, शिकेल तरी." अशा बाईला कोणी निष्काळजी म्हणालं तर मला फार लागतं. तिने मुलाच्या शिक्षणासाठी त्याला दूर ठेवायची तयारी केलेली असते. पण तिला खरं तर बालगृह नको असतं. महिन्याला थोडा आधार आणि संध्याकाळी मुलाकडे बघणारं कोणीतरी, एवढ्यावर ते मूल तिच्याजवळ राहू शकतं.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगते, बाकी तुम्ही वाचालच. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 चा, तो लागू झाला 15 जानेवारी 2016 ला. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सामाजिक तपासणी 15 दिवसांत पूर्ण करायची, म्हणजे समितीला चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. यातले ते 15 दिवस तुमचे. मुलाचं पुढे काय होणार हे बहुतेक वेळा त्या 15 दिवसांत तुम्ही कोणाला भेटलात यावर ठरतं, कारण समिती वस्तीत जात नाही. समितीला वस्ती दिसते ती तुमच्या अहवालातून.

आता माझं कुठे चुकलं ते सांगते. मी त्या वस्तीत सकाळी अकराला गेले होते, सोबत पोलीस शिपाई. अकराला बायका कामावर, आणि खाकी वर्दी बघून उरलेल्यांची दारं लागलेली. मी लिहिलं, शेजाऱ्यांचे सहकार्य नाही! माझ्या वरच्या ताईंनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "पाणी किती वाजता येतं तिथे?" मला माहीत नव्हतं. "मग तू वस्ती बघितली नाहीस. परत जा." पण आदेश तोवर झाला होता.

पाण्याच्या वेळेला जा. एकट्या नाही, सोबत सहकारी घ्या, पण वर्दी नको. नळावर अर्धा तास नुसत्या उभ्या राहिलात तरी कोणाचं कोणाशी पटतं, कोणाचं मूल कोणाच्या दारात जेवतं, हे कळायला लागतं. वही लगेच काढू नका. सावत्र बाप किंवा कोणीही मोठं माणूस समोर असताना मुलाला घरचं काही विचारू नका, आणि एकच प्रश्न चारदा विचारून त्याच्याकडून कबुली घेतल्यासारखं करू नका. आधी अंगणवाडीच्या ताई, शाळेतल्या वर्गशिक्षिका आणि वाणी यांना गाठा. उधारीच्या वहीवरून वाण्याला घरातलं पुष्कळ माहीत असतं.

मुलाला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न मला त्याच ताईंनी दिला. "तुझे नातेवाईक कोण?" असं विचारलं की मूल गप्प बसतं किंवा "कोणी नाही" म्हणतं. नातेवाईक हा मोठ्यांचा शब्द आहे. त्याऐवजी विचारायचं, रात्री ताप आला तर कोणाला उठवतोस? शाळेत भांडण झालं तर कोणाला सांगतोस? आई कामावरून उशिरा आली तर कोणाकडे बसतोस?

मी बालगृहात जाऊन त्या मुलाला हे विचारलं. तो फरशीकडे बघत म्हणाला, "आईला. आईला बरं नसलं तर मावशीला. ती कळव्याला असते. फोन केला की पहिल्या गाडीने येते." सहा आठवडे तो आमच्या ताब्यात होता आणि मावशीबद्दल कोणीच त्याला विचारलं नव्हतं. रेशनकार्डावर मावशी नव्हती, म्हणून आमच्या फाइलीतही नव्हती.

मावशीचं घरही एका खोलीचं. तिची स्वतःची दोन मुलं. आधीच्या मी "जागा अपुरी" लिहून मोकळी झाले असते. या शहरात एक खोली हा काही पुरावा होत नाही. बघायचं ते वेगळं. कोण कुठे झोपतं, रात्री घरात आणखी कोण येतं-जातं, दाराला आतून कडी आहे का, शाळेत सोडायला कोण जाणार, घरातल्या पुरुषाला हे मनापासून मान्य आहे का, आणि आलेल्या मुलाला स्वतःची म्हणून एखादी जागा आहे का. मावशीने मी जायच्या आधीच एका फळीवरची भांडी उतरवून ती रिकामी केली होती. "दप्तरं इथे राहतील दोघांची," म्हणाली. माझ्या दुसऱ्या अहवालात ती फळी आहे.

घर मिळालं म्हणून खर्च सुटत नाही, आणि इथे कागदांचं काम सुरू होतं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता तिच्या नावात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले हे नाव जोडलं आहे. माझ्या त्या केसच्या वेळी तिचे महिन्याला 425 रुपये मिळत, आता 2,250 मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व (मूल स्वतःच्या घरीच राहावं म्हणून मदत) आणि प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) दोन्हींसाठी मुलामागे महिन्याला 4,000 रुपये ठरवले आहेत. अर्ज कागदांवर अडतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, शाळेचा बोनाफाइड, पालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, बँक खातं. ज्या घरात जन्माचा दाखलाच नाही तिथे पुढचं सगळं अडतं, म्हणून पहिल्या भेटीतच कागद काय आहेत ते बघून ठेवा. मदतीवाचून परत गेलेली मुलं मी जास्त करून कागदापायीच गेलेली पाहिली आहेत.

नातं नसलेल्या कुटुंबात मूल ठेवणं, म्हणजे प्रतिपालकत्व, आपल्याकडे अजून थोडं होतं. कायद्याच्या कलम 44 मध्ये ते स्पष्ट आहे. कुटुंबाची क्षमता, हेतू आणि अनुभव बघून निवड करायची, भावंडांना शक्यतो एकाच घरात ठेवायचं, समितीने दर महिन्याला पाहणी करायची. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला परवानगी दिली, आणि दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालेलं मूल दोन वर्षं त्याच घरात राहिलं तर त्या कुटुंबाला ते दत्तक घेण्याची वाट ठेवली. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

चौकशीला येणाऱ्या जोडप्यांशी बोलताना मात्र सावध राहा. बरेच जण दत्तकाची रांग लांब आहे म्हणून इकडे वळलेले असतात. त्यांच्या इच्छेत वाईट काहीच नाही. पण प्रतिपालकत्वातल्या मुलाला बहुधा स्वतःची आई असते, ती भेटायला येते, आणि ती सावरली तर मूल तिच्याकडे परत जायचं असतं. म्हणून मी पहिल्याच बैठकीत विचारते, "दीड वर्षाने त्याची आई त्याला न्यायला आली तर तुम्ही त्याची बॅग भरून द्याल का?" यावर जे लगेच "हो" म्हणतात त्यांना मी विचार करून पुन्हा यायला सांगते. जे गप्प होतात, एकमेकांकडे बघतात, "फार जड जाईल" म्हणतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं सुरू करते.

घराने मुलाला इतका काय फरक पडतो, असं तुम्हाला वरिष्ठही विचारतील. रोमानियात बुखारेस्टला 2000 साली सुरू झालेला एक अभ्यास तेव्हा सांगा. संस्थेत वाढणारी 136 लहान मुलं घेऊन त्यातली निम्मी प्रतिपालक कुटुंबांत ठेवली आणि सगळ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. घरात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी जुळणारी नाळ चांगली झाली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांची जास्त. म्हणून बाळांच्या बाबतीत "बघू पुढच्या तारखेला" हे वाक्य मला ऐकवत नाही.

मोठ्या मुलांचं दुखणं निराळं. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, 21 पर्यंत आणि अपवादाने 23 पर्यंत. पण सोळाव्या वर्षापासून तयारी झाली नसेल तर तो मुलगा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे झोपणार, हेच ठरलेलं नसतं. तुमच्या हाती सोळा-सतराची मुलं असतील तर आधारकार्ड, बँक खातं, एखादं कौशल्य आणि एक ओळखीचं घर, हे आजच लिहून काढा.

शिक्षणाचं म्हणाल तर मुंबईत देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था (सुरुवात 1936) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, या जुन्या आणि चांगल्या जागा. कॉलेज कोणतंही असो, फील्डवर्कला बालकल्याण समिती किंवा मुलांसाठीच्या 1098 हेल्पलाइनचं काम मिळतंय का ते बघा. ही हेल्पलाइन 1996 मध्ये टाटा संस्थेच्याच एका प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. नोकऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात, बालगृहांत आणि स्वयंसेवी संस्थांत असतात, पुष्कळशा कंत्राटी. घरची जबाबदारी असेल तर याचा आधी हिशेब करा, भावनेच्या भरात येऊ नका. आणि जिथे आठवड्यातून एकदा बसून केसबद्दल बोलायला अनुभवी माणूस मिळेल ती जागा चार पैसे कमी असले तरी घ्या. मला ताई मिळाल्या नसत्या तर त्या पाच ओळींच्या अहवालात मी अजून अडकून असते.

एक सवय पहिल्या आठवड्यात लावून घ्या. मुलाला "उद्या येते" म्हणू नका. बालगृहातलं मूल ते शब्द धरून दाराशी बसतं. वार सांगा, आणि त्या वारी जमणार नसेल तर फोन करून त्याच्याशी स्वतः बोला.

मूल घरात गेलं की फाइल बंद करायची घाई नको. पहिले चार-सहा आठवडे छान जातात, सगळे पाहुण्यासारखे वागतात. मग मूल खोटं बोलायला लागतं, अंथरूण ओलं करतं, वस्तू लपवतं. हे लोक मला ठेवतात की परत पाठवतात, हे ते बघत असतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं असेल तर ते टिकतात.

कळव्याच्या मावशीला मी ते सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तिचा रात्री फोन आला. "हा माझ्या डब्यातून पैसे काढतो. आज चौथ्यांदा. मला नाही झेपत, तुम्ही घेऊन जा दोघांना." मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. मुलगा बोलेना. बहीणच त्याच्या दप्तराकडे बोट दाखवून म्हणाली, "तो दादर जमवतोय." दप्तरात रुमालात बांधलेली नाणी होती, एकशे चाळीस रुपये. आईच्या मणक्याला क्षय झालेला, रुग्णालय दादरहून पुढे, आणि तिथपर्यंत दोघांचं जाण्या-येण्याचं तिकीट, बसचे पैसे आणि आईला शहाळं, असा त्याने हिशेब केला होता. आईला भेटायचं म्हणून कोणाला विचारायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आईच्या भेटींचं वेळापत्रक आदेशात घालून घ्यायचं असतं, हे मला ठाऊक असूनही मी ते घालून घेतलं नव्हतं.

पुढच्या तारखेला ते आदेशात आलं. दर दुसऱ्या रविवारी दोघं मावशीबरोबर जात. गाडीभाडं मावशी आदल्या रात्री त्याच डब्यातून काढून त्याच्या हातात देई, आणि तिकीट तो काढायचा.