एक्सेलमधला फुटर काढला तरी परत येतोय? या चुका टाळा

सोसायटीच्या हिशोबाची फाईल गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडली. बारा महिन्यांच्या बारा शीट, आणि प्रत्येक प्रिंटच्या तळाशी बारीक अक्षरात 'तात्पुरता हिशोब' असा फुटर, म्हणजे प्रत्येक पानाखाली आपोआप छापला जाणारा मजकूर. हिशोब पक्का होऊन ऑडिटही झालं, तरी हे आपलं हजरच. स्क्रीनवर दिसत नाही, कंट्रोल एफ मारून शोधलं तर सापडत नाही, कारण फाइंड फुटरमध्ये बघतच नाही. मी एप्रिलच्या शीटवरून काढला, सगळी फाईल प्रिंटला टाकली आणि चहाला गेलो, येऊन बघतो तर मेपासून मार्चपर्यंत जैसे थे. शेवटी एका काकांनी कात्रीने कागदाची खालची पट्टी कापायला घेतली, तेव्हा म्हटलं थांबा, नीट बघू.

तर पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच. एक्सेलमध्ये फुटर फाईलचा नसतो, शीटचा असतो. पहिल्या टॅबवर क्लिक करा, शिफ्ट दाबून शेवटच्या टॅबवर क्लिक करा, मग पेज लेआउटमध्ये पेज सेटअपच्या कोपऱ्यातला छोटा बाण, तिथून हेडर/फुटर, आणि फुटरच्या यादीत एकदम वर जाऊन 'नन'. झालं की टॅबवर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करायचंच करायचं, नाहीतर एप्रिलमध्ये एका फ्लॅटचे पैसे टाकाल आणि ते बाराही महिन्यांत त्याच खान्यात जाऊन बसतील (हेही मी करून झालंय, विचारू नका).

शीट फारच असतील तर फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं जा, तिथे हेडर आणि फुटरसमोर 'रिमूव्ह ऑल' आहे. पण आधी फाईलची कॉपी ठेवा, कारण हे अनडू होत नाही आणि फुटरसोबत हेडरही उडतात.

सगळीकडून गेला पण फक्त पहिल्या पानावर उरलाय? मग 'डिफरंट फर्स्ट पेज'ला टिक असणार. त्या पानाचा फुटर वेगळा साठवलेला असतो, ऑड-इव्हनचंही (विषम आणि सम पानांना वेगळा फुटर) तेच. कस्टम फुटर उघडलं की वेगवेगळे टॅब दिसतात, प्रत्येकात जाऊन पुसा.

काढला, सेव्ह केला, प्रीव्ह्यूतही नव्हता, आणि प्रिंट देताच परत आला, तर मॅक्रोवर, म्हणजे फाईलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या कोडवर संशय घ्या. फाईल मॅक्रोवाली असेल तर ऑल्ट एफ११ दाबा आणि 'धिस वर्कबुक'मध्ये 'बिफोर प्रिंट' नावाचा कोड आहे का बघा, त्यात 'सेंटरफुटर' असलेली ओळ सापडली की चोर सापडला. लगेच डिलीट मारू नका, ज्याने लिहिलाय त्याला आधी विचारा. ऑफिसच्या अकाउंटवर 'गोपनीय' वगैरे लेबल लावलेलं असेल तर तो मजकूर त्या लेबलमुळेही येतो, तिथे आयटीवाल्यांशिवाय इलाज नाही.

कोरी करकरीत नवीन फाईल उघडली तरी फुटर येतोय, तर एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये (एक्सेल सुरू होताना यातल्या फाइली आपोआप वापरतं) कुणीतरी 'बुक' नावाची टेम्प्लेट ठेवलेली असू शकते.

लिबरऑफिस कॅल्कवाल्यांनो, तुमचं उलटं आहे. तिथे खाली 'पेज १' आपोआप येतं, तुम्ही काही केलेलं नसतं. फॉरमॅटमध्ये पेज स्टाईल, त्यात फुटर टॅब, 'फुटर ऑन'ची टिक काढा. ती स्टाईल वापरणाऱ्या सगळ्या शीटवरून एका दमात जातो, त्यामुळे एकाच शीटवरून काढायचा असेल तर त्या शीटला वेगळी स्टाईल द्यावी लागते.

एवढं करून कुठेच सापडला नाही तर आधी शीटची शेवटची ओळ बघा, कुणीतरी तो सरळ सेलमध्येच टाईप केलेला असतो. तिथेही नसेल तर फाईल पीडीएफ करून बघा. पीडीएफ स्वच्छ आणि कागदावर मात्र मजकूर, म्हणजे एक्सेलचा काही दोष नाही, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वॉटरमार्क (प्रिंटर स्वतःहून प्रत्येक पानावर छापतो तो मजकूर) चालू राहिला असणार.