गाड्यांच्या जीपीएसमधून ट्रॅफिक ओळखायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात येणारी मुलं पहिल्याच दिवशी मशीन लर्निंगचं विचारतात. मी त्यांना आधी कच्ची फाइल उघडायला लावतो. वाहनाचा सांकेतिक क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. एवढंच असतं, आणि निम्मी नोकरी यातच जाते.

समजा, एक गाडी चार मिनिटं जागची हललेली नाही. कोंडी आहे, की टॅक्सीवाला गिऱ्हाईकाची वाट बघतोय? एकट्या गाडीवरून कळत नाही. बाकीच्या गाड्या तिथूनच सुसाट जात असतील, तर ती नोंद बाजूला काढायची.

खरी डोकेदुखी उड्डाणपुलाची. वरची गाडी आणि खालच्या सर्व्हिस रोडवरची गाडी नकाशावर एकाच जागी दिसतात. एका ठिपक्यावरून निकाल देता येत नाही, मागचे-पुढचे ठिपके जोडून मार्ग ठरवावा लागतो. यालाच मॅप मॅचिंग म्हणतात. त्यातही नोंद दर तीस सेकंदांनी येत असेल, तर साठच्या वेगाने गाडी मधल्या वेळात अर्धा किलोमीटर गेलेली असते; एखादं वळण सहज निसटतं. हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे ठिपक्यांवरून सगळ्यात शक्य वाटणारा मार्ग काढायची संभाव्यतेची पद्धत, यावरचा पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांचा २००९ चा शोधनिबंध यासाठी आधी वाचा.

सरासरीत भलेभले फसतात. एक किलोमीटरच्या पट्ट्यात एक गाडी ताशी ६० ने गेली, दुसरी २० ने. उत्तर ४० नाही. एकीला एक मिनिट लागलं, दुसरीला तीन. सरासरी दोन मिनिटं, म्हणजे ताशी ३०. प्रवासाला किती वेळ लागेल हे सांगायचं असेल, तर हाच आकडा धरायचा.

किती गाड्या पुरतात? फेब्रुवारी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात 'मोबाइल सेंच्युरी' प्रयोगात जीपीएसवाले फोन ठेवलेल्या शंभर गाड्या महामार्गावर फिरवल्या. एकूण वाहनांपैकी दोन-तीन टक्क्यांनी माहिती दिली तरी वेगाचा अंदाज चांगला येतो, असं त्यात दिसलं. मात्र हे वेगापुरतंच. रस्त्यावर एकूण गाड्या किती, हे यातून थेट मिळत नाही. त्यासाठी रस्त्यात पुरलेले लूप डिटेक्टर (वरून गेलेली गाडी टिपणारी तारेची वेटोळी) किंवा कॅमेरे लागतातच.

सरावासाठी स्वतःच्या फोनमध्ये प्रवासाची जीपीएस नोंद ठेवा आणि ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांसाठी खुल्या नकाशातल्या रस्त्यांवर बसवून बघा. फाइल कुणाला दाखवण्याआधी सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर तेवढे कापा. नाव नसलं तरी घर त्यातूनच सापडतं.