टोपोशीट कशी वाचावी: सह्याद्रीत उतरण्याआधी समोच्च रेषांची ओळख

सह्याद्रीत वाट चुकण्याचा सगळ्यात घातक प्रकार म्हणजे उतरताना भलत्याच नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, शिरणं. वरून ती सोपी दिसते, गवतातून घसाऱ्यावर भराभर उतरता येतं, आणि मग अचानक पायाखाली कडा. तोवर अंधारत आलेलं असतं आणि परत चढायची ताकद उरलेली नसते. यातला बराचसा धोका घरी टेबलावर नकाशा पसरून आधीच ओळखता येतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात, डोंगरात फिरणारे टोपोशीट म्हणतात.

योग्य शीट मिळवा

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देशाचे नकाशे बनवतो आहे. त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर खुल्या मालिकेतल्या, म्हणजे सर्वसामान्यांसाठी काढलेल्या, शीट मिळतात. भटकंतीला १:५०,००० ची शीट घ्या. जुन्या पद्धतीत पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग ४७ क्रमांकात येतो, पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये. खुल्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून क्रमांकाच्या भरवशावर न राहता शीटवर आपलं गाव दिसतंय का ते आधी बघा.

मग समास वाचा. प्रमाण, दोन रेषांमधलं उंचीचं अंतर आणि सर्वेक्षणाचं साल या तीन गोष्टी तिथे असतात. साल जुनं असेल तर रस्ते, धरणं, पाऊलवाटा बदललेल्या असणार हे गृहीत धरा. डोंगराचा आकार मात्र बहुतेक ठिकाणी तोच असतो.

रेषा मोजायला शिका

तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरचं प्रत्येक ठिकाण समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतं. १:५०,००० च्या शीटवर साधारणपणे दर २० मीटरला एक रेषा असते आणि प्रत्येक पाचवी रेषा जाड, म्हणजे दर १०० मीटरला एक. उंचीचे आकडे बहुतेक जाड रेषेवरच सापडतात.

सरावासाठी ओळखीची टेकडी घ्या. पुणेकरांना वेताळ टेकडी उत्तम. माथा सुमारे ८०० मीटर, शहर साधारण ५६०, म्हणजे मधे बाराएक रेषा सापडायला हव्यात. त्या बोटाने मोजा आणि मग टेकडी चढून या. वीस मीटर म्हणजे पायांना नेमकं किती, हे एकदा कळलं की कुठलाही नकाशा बोलायला लागतो.

पट्टी लावून चढ मोजा

ही पायरी कंटाळा न करता कराच. या प्रमाणात नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. आपल्या वाटेवरच्या दोन लागोपाठच्या जाड रेषांमध्ये पट्टी ठेवा. अंतर १० मिमी आलं तर ५०० मीटर चालताना १०० मीटर चढायचं आहे, म्हणजे जेमतेम ११ अंश, गप्पा मारत जाता येईल. ४ मिमी आलं तर सुमारे २७ अंश, चांगलाच दम लागेल. २ मिमी म्हणजे ४५ अंश, तिथे हात टेकावे लागतील. आणि जाड रेषा एकमेकींना चिकटल्याच असतील, तर तो कडा आहे. तिथून वाट काढायचा विचार सोडून द्या.

सोंड कोणती, नाळ कोणती

बहुतेकांचा घोळ इथेच होतो, कारण कागदावर दोन्हींचा आकार इंग्रजी 'व्ही'सारखाच दिसतो. टोक कुठे वळलंय ते बघा. टोक वाढत्या उंचीकडे असेल तर ती नाळ किंवा ओढ्याची घळ. उतरत्या उंचीकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. त्यासाठी आधी दोन जाड रेषांचे आकडे वाचून चढ कुठल्या बाजूला आहे ते नक्की करायचं. नाळेच्या टोकांमधून बऱ्याचदा ओढ्याची रेघही गेलेली दिसते, ती तुमची खात्री.

दोन उंचवट्यांच्या बंद रेषा आणि त्यांच्यामध्ये रेषा विरळ झालेली सखल जागा दिसली की ती खिंड. घाटवाटा बहुधा अशाच जागी घाटमाथा ओलांडतात.

सह्याद्रीत आणखी एक नमुना सारखा दिसेल: रेषांचा दाट पट्टा, मग मोकळी जागा, परत दाट पट्टा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांचीच ही पायऱ्यांची रचना. दाट पट्टा म्हणजे कातळकडा, मोकळी जागा म्हणजे डोंगराच्या अंगावरची सपाटी, पदर किंवा माची. उतरताना पुढचा दाट पट्टा कुठे फुटतो, म्हणजे रेषा कुठे जरा सैल होतात, ते शोधा. उतरायला वाट असलीच तर तिथे असायची शक्यता जास्त. नकाशा वाचण्यातला सगळ्यात मोठा आनंद मला याच शोधात मिळतो.

रेषांमध्ये न दिसणारं

दर २० मीटरला रेषा असेल तर १५ मीटरचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज लपतो, आणि दोर नसलेल्या माणसाला अडवायला तेवढा टप्पा पुरेसा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा तर रेषांनी नीट दाखवताच येत नाही. मोबाइलवर जास्तच सावध राहा. बऱ्याच मोफत नकाशांमधल्या रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात आणि त्यात धारदार कडे गुळगुळीत उतार होऊन बसतात. म्हणून नकाशावर सोपी वाटणारी नाळसुद्धा गावातल्या माहीतगाराला विचारल्याशिवाय उतरू नये.

डोंगरावर पोचल्यावर

नकाशाची उत्तर होकायंत्राच्या उत्तरेशी जुळवा. महाराष्ट्रात चुंबकीय आणि भौगोलिक उत्तरेत १ अंशाचाही फरक नाही, त्यामुळे वेगळी दुरुस्ती लागत नाही. समोरची ओळखीची दोन शिखरं नकाशावर शोधा, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल. ओढ्याचा रंगही बघा: निळा म्हणजे पाणी, काळा म्हणजे कोरडं पात्र. दिवाळीनंतर सह्याद्रीत निळ्यावरही फार विसंबू नका.

वेळेचा हिशेब निघण्याआधीच करा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ६ किलोमीटर वाट आणि ८०० मीटर चढ असेल तर अडीच तास होतात. आपलं ऊन, झाडी आणि सोबतची मंडळी धरून मी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवतो, म्हणजे पावणेचार. खिंडीत किती वाजता पोचायलाच हवं आणि नाही पोचलो तर कुठून माघारी फिरायचं, हे प्रिंटवर पेन्सिलीने लिहा आणि तशीच एक प्रत घरी ठेवून निघा.