येशू देव की देवाचा पुत्र? घरात वाद पेटला तर वचनं कशी वाचायची

आमच्या खानापूरच्या घरात मामा कॅथलिक, दाजी मेथडिस्ट आणि चुलतभाऊ दोन वर्षं झाली यहोवाच्या साक्षीदारांत जायलाय (त्यामुळं नाताळला येत नाही, आंब्याच्या दिवसांत बरोबर येतोय), तिघं एका पंगतीला बसले की भात गार होईपर्यंत एकच विषय, मामा-दाजी म्हणतात येशू देव, चुलतभाऊ म्हणतो देव नव्हे, देवाचा पुत्र. भांडणं सोडवून सोडवून जे जमलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे मोबाइलवरचे इंग्रजी व्हिडिओ बंद करायला लावा. योहान १:१ घ्या, 'शब्द देवाबरोबर होता आणि शब्द देव होता' (इथं 'शब्द' म्हणजे येशू). इंग्रजीत मारामारी आहे ती आर्टिकलवरून (a, the असले नामाआधीचे शब्द), साक्षीदारांच्या भाषांतरात तिथं 'एक देव' असा अर्थ घेतलाय, कारण ग्रीकमध्ये त्या दुसऱ्या 'देव'ला आर्टिकल नाही. आता मराठीत आर्टिकलही नाही आणि कॅपिटल अक्षरही नाही, म्हणजे आपलं वाक्य दोघांनाही चालतंय! मग पुढं काय करायचं, तर दोन ठिकाणं दोघांना वाचायला लावा. प्रेषितांची कृत्ये २८:६, पौलाला साप डसून काही झालं नाही म्हणून माल्टाचे लोक त्याला देव म्हणाले, तिथंही ग्रीकमध्ये आर्टिकल नाही आणि अर्थ 'कुणीतरी देव' असाच, हा चुलतभावाचा पॉइंट. आणि योहान १:१८, 'देवाला कोणी पाहिलं नाही', तिथंही आर्टिकल नाही पण अर्थ सरळ पिताच, हा दाजींचा. म्हणजे नुसत्या ग्रामरवर कुणीच जिंकत नाही. (वहिनीच्या कन्नड बायबलात 'शब्द'च्या जागी 'वाक्य' आहे, पोरं ऐकून हसतात, ते वेगळंच.)

दुसरं, योहानाचंच १०:३०, 'मी आणि पिता एक आहोत'. इथला ग्रीक 'एक' नपुंसकलिंगी, हे इंग्रजीवाल्याला समजवावं लागतं, आपल्याला 'तो-ती-ते'मधलं 'ते' माहीतच आहे की, 'एक माणूस' नव्हे. म्हणजे पिता आणि पुत्र एकच व्यक्ती म्हणणाऱ्यांना हे वचन जड जातं. मग एकी स्वरूपाची की फक्त विचारांची? १७:२२ मध्ये शिष्यांनीही तसंच एक व्हावं म्हटलंय, साक्षीदार ते दाखवतात. मामा लगेच १०:३३ काढतात, लोकांनी धोंडे उचलले ते देव म्हणवून घेतो म्हणूनच ना! तिथं एवढंच विचारा, हे बोलतंय कोण? ते विरोधक बोलायलेत, येशू नाही, आणि येशूचं उत्तर ८२व्या स्तोत्रातून येतंय, ते पुढं वाचा.

'त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द बायबलात नाही' यावर वेळ घालवू नका. ३२५ साली नायसीयाच्या धर्मसभेत, पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला असं म्हणणाऱ्या एरियसविरुद्ध जो शब्द ठरला, पुत्र पित्याशी 'एकतत्त्व', तोही बायबलातला नव्हे, आणि ते मानणारेसुद्धा हे कबूल करतात.

शेवटी योहानाचा अध्याय २०. थोमा २८व्या वचनात येशूला 'माझा प्रभू आणि माझा देव' म्हणतो, मामांचं हुकमी पान. पण १७व्यात येशूच मरीया मग्दालियाला म्हणतो की मी माझ्या देवाकडं जातोय. जो २८ काढेल त्याला १७ वाचायला लावायचं, जो १७ काढेल त्याला २८. आमच्याकडं हे सुरू केल्यापासून निदान भात तरी गरम असतोय.