सोलापूरहून हंपी: दोन मुक्कामांची आखणी

हंपीला जायचे ठरले की घरोघरी आधी ठिकाणांची यादी तयार होते आणि बेत तिथेच फसतो. विजयनगरच्या राजधानीचे अवशेष चाळीसहून अधिक चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत, त्यांची संख्या सोळाशेच्या वर आहे, आणि सोलापूरकराच्या हाती शुक्रवार ते रविवार एवढाच वेळ, म्हणजे जाण्यायेण्याचे तास वजा करता जेमतेम दोन दिवस असतात. म्हणून काय सोडायचे, आणि जे पाहायचे ते कोणत्या प्रहरी, हे दोन निर्णय सर्वांत आधी घ्यावेत. बाकीची आखणी त्यांच्यामागून येते.

सोडण्याच्या यादीत पहिले नाव विजापूरचे असावे. ते वाटेवरच आहे, त्यामुळे ‘जाता जाता गोलघुमट उरकू’ असा आग्रह गाडीतले कोणीतरी धरतेच. पण विजापूर सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, तिथे एरवी कोणत्याही रविवारी जाऊन येता येते, आणि वाटेत तीन तास मोडले की हंपीची पहिली संध्याकाळ हातची जाते. बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल यांनाही याच न्यायाने वगळावे. ती चालुक्यांची भूमी आहे, तिचा काळ वेगळा आहे आणि तिला वेगळी सहल द्यावी.

निघण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी आपल्याच भुईकोट किल्ल्यात फेरी मारून यावी, अशी माझी सूचना आहे. विजयनगरचे राज्य १३३६ मध्ये हरिहर आणि बुक्क या बंधूंनी स्थापन केले आणि कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५०९ ते १५२९ या काळात, ते वैभवाच्या शिखरावर होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या राजधानीच्या शेवटाशी सोलापूरचा संबंध आहे, हे फारसे सांगितले जात नाही. सोलापूर आणि कल्याणी या ठाण्यांसाठी आदिलशाही आणि निजामशाही सतत भांडत होत्या आणि ती परत मिळवण्यासाठी अली आदिलशहाने विजयनगरच्या रामरायाचीच मदत घेतली होती. पुढे पारडे फिरले. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्लाही दिला; या सोयरिकीतून जुळलेल्या सुलतानांच्या युतीने २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेकाठी, तालिकोटची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढाईत, रामरायाचा पराभव केला. त्यानंतर राजधानी कित्येक महिने लुटली जात होती. हा धागा मनात असला की हंपीतल्या फुटक्या मूर्ती आणि जळक्या चौथऱ्यांसमोर उभे राहताना मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या वाक्यांची फारशी गरज उरत नाही.

हवामानाबाबत सोलापूरकर जरा फाजील आत्मविश्वास बाळगतो. ‘आम्हाला ऊन नवीन आहे का?’ हा प्रश्न हंपीत लागू पडत नाही, कारण तिथे ऊन वरून लागते आणि ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा दिवसभर तापून तेच ऊन बाजूनेही परत देतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ होय. त्यातही संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा असल्यामुळे आपल्याकडे कोणी गाव सोडत नाही, तेव्हा डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा यात्रेच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरल्यावरचा फेब्रुवारी धरावा. कर्नाटक सरकारच्या हंपी उत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात. रोषणाई आणि कार्यक्रम पाहायचे असतील तर त्या पाहून जावे, अवशेष पाहायचे असतील तर त्या पाहून टाळाव्यात.

रस्त्याने अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. विजापूरपर्यंतचा रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. तिथून पुढे निडगुंदी, हुनगुंद, इलकल, कुष्टगी या मार्गाने होस्पेट गाठावे. पाट्यांवर विजापूरचे ‘विजयपुरा’ आणि होस्पेटचे ‘होसपेटे’ असे लिहिलेले असते. निडगुंदीच्या पुढे आलमट्टीच्या परिसरात कृष्णा ओलांडताना क्षणभर थांबावे, कारण १५६५ ची ती रणभूमी याच नदीच्या काठाने पूर्वेकडे आहे. पहाटे साडेपाचला सोलापूर सोडले, वाटेत नाश्त्याला एकदा आणि चहाला एकदा थांबले, तरी दुपारच्या जेवणापर्यंत होस्पेटला पोहोचता येते. स्वतःची गाडी नसेल तर विजापूरला बस बदलून जाता येते. रेल्वेने जायचे झाल्यास विजापूर, बागलकोट मार्गे गदगला उतरून होस्पेटची गाडी धरावी किंवा वाडी, रायचूर मार्गे गुंतकलला उतरून मागे यावे. मात्र दोन्हीकडे जोडगाडीची वेळ आधी जुळवून मगच आरक्षण करावे, नाहीतर अर्धी रात्र फलाटावर जाते. माझ्या मते चौघे असतील तर गाडी, आणि दोघेच असतील तर बस हेच सोयीचे.

मुक्कामासाठी तीन पर्याय आहेत. होस्पेटला हॉटेले भरपूर आहेत, पण ते हंपीपासून बारा-तेरा किलोमीटरवर असल्यामुळे दुपारी खोलीवर परतून विश्रांती घेणे जिवावर येते. विरूपाक्ष मंदिराच्या जवळच्या वस्तीत घरगुती खोल्या मिळतात. त्या साध्या असतात, तिथे मांसाहार आणि मद्य नसते, पण पहाटे उठून पायीच बाहेर पडता येते. घरातील ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर कमलापूर उत्तम, कारण ते हंपीपासून चारेक किलोमीटरवर असून राजवाड्याच्या परिसराला लागूनच आहे, आणि कर्नाटक पर्यटन महामंडळाचे ‘मयूर भुवनेश्वरी’ हे निवासही तिथेच आहे. शनिवार-रविवारची खोली निघण्यापूर्वीच पक्की केलेली असावी.

आता प्रहरांचे गणित. पहिल्या दिवशी जेवून, दोन तास आडवे होऊन, साडेतीनच्या सुमारास बाहेर पडावे आणि फक्त हेमकूट टेकडी पाहावी. वाटेत कडलेकाळू आणि ससिवेकाळू हे एकेका शिळेतून घडवलेले दोन गणपती लागतात. पहिला सुमारे साडेचार मीटर उंच, गाभाऱ्यात अंधारात बसलेला, आणि दुसरा उघड्या मंडपात. टेकडीवरची लहान लहान देवळे विजयनगरच्या राज्याहूनही जुनी आहेत. इथे खडकांवर नीट पाहिले तर बोटभर लांबीच्या खाचांच्या सरळ रांगा दिसतात. शिळा फोडण्यासाठी पाथरवटांनी आधी अशा खाचा पाडल्या, त्यांत पाचरी ठोकल्या आणि दगड रेषेत उकलला. काही ठिकाणी खाचा पडल्या, पण दगड फोडण्याची वेळच आली नाही. सूर्यास्त इथूनच पाहावा. मातंग टेकडीवरून देखावा अधिक मोठा दिसतो हे खरे, पण तिची वाट खडकांतून जाते आणि अंधारात उतरणे धोक्याचे आहे.

दुसरा दिवस हा सहलीचा कणा. विठ्ठल मंदिर, राणीवशाचा परिसर आणि कमलापूरचे पुरातत्त्व संग्रहालय या तिन्हींना एकच तिकीट चालते, ते त्याच दिवसापुरते असते, आणि भारतीयांसाठी त्याचा दर माणशी चाळीस रुपयांच्या आसपास आहे. म्हणून ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवशी धरावीत. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि या कारणासाठीही शनिवारच योग्य.

विठ्ठल मंदिराकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. गाडीने गेल्यास वाहनतळावर उतरून पुढचे किलोमीटरभर अंतर बॅटरीवरच्या गाडीतून जावे लागते. दुसरा मार्ग हंपीच्या बाजारपेठेतून तुंगभद्रेच्या काठाने जाणारा, सुमारे दोन किलोमीटरचा पायी रस्ता आहे. त्यावर कोदंडराम मंदिर, अच्युतराय मंदिराकडे जाणारी ओसाड पेठ आणि राजाची तुला करण्यासाठी उभारलेली दगडी कमान लागते. चालता येणाऱ्यांनी सकाळी सातला हाच रस्ता धरावा, ज्येष्ठांनी गाडीने यावे आणि सर्वांनी मंदिरात भेटावे. चालकाला वाहनतळावरच थांबायला सांगितले म्हणजे परतताना पायपीट होत नाही.

या मंदिराला सोलापूर जिल्ह्यातून जाणाऱ्याने किमान दीड तास द्यावा. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. इतिहासकारांचे या कथेबद्दल काय म्हणणे असेल ते असो, आज इथल्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, आणि आषाढीला पंढरपुरात तासन्‌तास दर्शनरांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला रांग नसलेले विठ्ठलाचे हे देऊळ चमत्कारिक वाटते. अंगणातला दगडी रथ आपण पन्नासच्या नोटेवर पाहतो. तो एकसंध शिळेचा वाटतो, पण कित्येक दगड सांधून केलेला आहे आणि मुळात ते गरुडाचे देऊळ आहे. पुढच्या हत्तींकडे मात्र जवळ जाऊन पाहावे: ते नंतर आणून बसवलेले असून त्यांच्यामागे मूळच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपटीचे अवशेष अजून दिसतात. मंडपातले खांब वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. वाजवून वाजवूनच त्यांची हानी झाली आहे आणि आता त्याला बंदी आहे.

अकराच्या आत तिथून निघावे आणि उन्हाचे तास संग्रहालयात काढावेत. तिथल्या चौकात हंपीच्या संपूर्ण परिसराची मांडलेली प्रतिकृती अवश्य पाहावी, म्हणजे सकाळी आपण कुठून कुठे चाललो याचा उलगडा होतो आणि दुपारचा मार्गही समजतो. मग जेवण आणि तासभर विसावा.

तीननंतर राणीवसा आणि राजपरिसर घ्यावा. गजशाळेचे अकरा घुमटाकार कक्ष पश्चिमाभिमुख असल्यामुळे त्यांच्यावर दुपारचेच ऊन हवे, आणि कमलमहालाच्या कमानींवरचे चुन्याचे नक्षीकामही त्याच तिरप्या उन्हात उठून दिसते. तिथून हजारराम मंदिर. याच्या आवारभिंतीवर बाहेरून हत्ती, घोडे, सैनिक, नर्तकी यांचे पट्टे कोरलेले आहेत आणि मंदिराच्या भिंतींवर रामायण. मुलांना सोबत घेऊन प्रसंग ओळखायला लावले तर अर्धा तास सहज जातो. शेवटी महानवमी डिब्बा हा उंच दगडी चौथरा आणि त्याच्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी. काळ्या दगडाची ही पुष्करणी १९८० च्या दशकात उत्खननात सापडली. हिच्या दगडांवर बारीक खुणा कोरलेल्या आहेत, कोणता दगड कोणत्या बाजूला आणि कोणत्या ओळीत बसवायचा हे सांगणाऱ्या. एवढे मोठे बांधकाम आधी दुसरीकडे घडवून, क्रमांक टाकून, मग इथे जुळवलेले आहे. हंपीत मला याहून अधिक काही आवडत नाही, आणि बहुतेक मंडळी पुष्करणीसमोर एक छायाचित्र काढून दोन मिनिटांत निघून जातात.

तिसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्ष मंदिर. हे पूजा चालू असलेले मंदिर असल्यामुळे चपला बाहेर काढाव्या लागतात. रंगमंडप कृष्णदेवरायाने १५१० मध्ये बांधला, त्याच्या छतावरच्या चित्रांत गिरिजाकल्याण, दशावतार आणि विजयनगरचे गुरू विद्यारण्य यांची मिरवणूक आहे. मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या लहानशा छिद्रातून गोपुराची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. त्यानंतर वेळ उरला तर लक्ष्मीनरसिंहाची १५२८ मधील ६.७ मीटर उंचीची मूर्ती आणि शेजारचे पाण्यातले बडविलिंग पाहावे, किंवा त्याऐवजी नदीपलीकडचे आनेगुंदी आणि पाचशेहून अधिक पायऱ्यांची अंजनाद्री टेकडी घ्यावी; दोन्ही करू नये. नदीत पाणी सोडलेले असेल तेव्हा गोल होड्या बंद असतात आणि पलीकडे जायला रस्त्याने मोठा वळसा पडतो, हे निर्णय घेण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे. सोलापुरात कानडी किंवा तेलुगू बोलणारे घरोघरी आहेत. असा एखादा मित्र सोबत असेल तर रिक्षाचा दिवसाचा भाव त्यालाच ठरवू द्यावा, आणि कोणकोणती ठिकाणे त्यात धरली आहेत ती नावानिशी आधी बोलून घ्यावीत.

सामानात टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि तापलेल्या फरशीवर चालण्यासाठी जाड मोजे असावेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर न्यायला हरकत नाही, ती दोन दिवस टिकते. मात्र डबा गाडीतच उघडावा, कारण हेमकूट, विरूपाक्ष आणि अंजनाद्री इथली माकडे हातातली पिशवी ओढून नेतात.

रविवारी साडेअकराला हंपी सोडावे. इरकली साडी घ्यायची असेल तर ती परतीच्या वाटेवर इलकलला घ्यावी, कारण जाताना आपण तिथे दुकाने उघडण्यापूर्वीच पोहोचतो. अंग आणि पदर वेगवेगळे ताणे घेऊन विणतात आणि त्यांचे धागे एकमेकांत अडकवून जोडतात. तो जोड दुकानदाराला उलगडून दाखवायला सांगावा आणि मगच भाव करावा. तिथून विजापूरला चहासाठी थांबूनही रात्री आठच्या आत सोलापूर गाठता येते.