चित्रगोधडी शिवायला बसण्याआधी

चित्रगोधडी म्हणजे कापडाच्या तुकड्यांतून आठवणीतलं एक दृश्य उभं करणारी, भिंतीवर लावायची गोधडी. सुई-दोरा नंतर. आधी आठवण नेमकी करून घ्या. नुसतं 'आजोळ' म्हणून भागत नाही, त्यात अख्खा गाव येतो. त्यातली एक जागा आणि एक वेळ धरा. समजा, कोकणातली भातलावणी करायची आहे. मग कागदावर चार ओळी लिहून काढा: पाऊस कोसळत होता की नुकता थांबला होता, उजेड कुठून येत होता, तुम्ही मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे होतात की पडवीतून बघत होतात. लिहायला लागलं की गंमत कळते. लावणी म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवंगार येतं, पण लावणीच्या दिवशी खाचरात हिरवं थोडंच असतं. चिखल असतो, पाणी असतं आणि त्या पाण्यात आभाळ उतरलेलं असतं. हिरवं असतं ते हातातल्या रोपांच्या मुठींत आणि मागच्या डोंगरावर. म्हणजे निम्म्याहून जास्त गोधडी राखाडी, पारवी आणि मातकट होणार. हे आधी लक्षात आलं नाही तर घरातल्या सगळ्या हिरव्या साड्यांवर कात्री चालते आणि हाती काय येतं, तर कॅलेंडरवरचं चित्र.

फुलांचं चित्र असेल तर महिन्याबरोबर आठवडाही ठरवा. कासच्या पठारावर सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा हे सगळे एकाच दिवशी सारख्याच जोरात नसतात. तुम्ही गेलात तेव्हा कोणता रंग वरचढ होता? त्याचंच कापड जास्त लागेल. फोटो असेल तर जवळ ठेवा, पण तो गिरवू नका. फोटोत वीजेचा खांब आणि पाहुण्यांची गाडीही असते, आठवणीत नसते. आठवणीत नसेल ते चित्रात नको.

आठवण स्वतःचीच असावी असंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जियात 1837 साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांची एक चित्रगोधडी आज बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. तिच्या पंधरा चौकटींपैकी एकीत 1833 सालचा उल्कावर्षाव आहे, म्हणजे त्यांच्या जन्माच्याही आधीचा, ऐकून माहीत असलेला. आजीने सांगितलेला पूर किंवा वडिलांनी पाहिलेला दुष्काळ शिवायला काहीच हरकत नाही. त्या गोधडीतून आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिच्यात माणसांना नाक-डोळे नाहीत, नुसत्या आकृत्या आहेत आणि कोण काय करतंय ते तेवढ्यावर कळतं. पहिल्याच खेपेला चेहऱ्याच्या भानगडीत पडू नका. इरलं घेऊन वाकलेली पाठ पुरते.

आता रेखाटन. साधारण 60 बाय 90 सेंटिमीटर हे माप सुरुवातीला बरं. याहून मोठं घेतलं तर घरात पसारा राहतो आणि काम माळ्यावर जातं. लहान कागदावर काढून झेरॉक्सच्या दुकानात मोठं करून घ्या किंवा चौकटी आखून वाढवा. प्रती दोन हव्यात, एक कापायला आणि एक भिंतीवर लावायला. दोन्हींवर प्रत्येक आकाराला क्रमांक द्या आणि कोणता तुकडा कोणाखाली जाणार ते बाणाने दाखवा. खाली जाणाऱ्या कडेला बोटाच्या पेराएवढं कापड जास्त ठेवायचं असतं. रुपयाच्या नाण्याहून लहान आकार कापडात कापूच नका, ते टाक्यांसाठी राखून ठेवा.

कापडाची जमवाजमव हे खरं काम, त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन रंग कालवून तिसरा काढण्याची सोय इथे नाही, घरात आहे तेवढीच रंगपेटी. म्हणून रेखाटन झाल्यावर ट्रंक उघडा आणि गरज पडली तर चित्र कापडाप्रमाणे बदला. पारवा मिळाला नाही पण विटलेला मोरपंखी मिळाला, तर आभाळ संध्याकाळचं करा. एका जुन्या सुती साडीतूनच किती छटा निघतात ते बघा. फॉल उसवला की त्याखाली उलट्या बाजूला मूळ रंगाची पट्टी सापडते. पदर खांद्यावर उन्हात विटलेला, तर कमरेला खोचलेला भाग अजून गडद. तिन्ही तुकडे शेजारी ठेवले की डोंगराची जवळची, मधली आणि लांबची रांग तयार. इरकलीचा काठ मेरेला चालतो, खणाची बारीक नक्षी कौलांना शोभते, धोतराचं कापड धुक्याला. नायलॉन आणि पॉलिस्टर बाजूलाच ठेवा, इस्त्री लागली की आखडतात.

साडी कोणाची, हे विचारून घ्या. आईची असेल तर आईला, आई नसेल तर भावंडांना. कापलेली साडी परत जोडता येत नाही आणि नंतरची बोलणी ऐकण्यापेक्षा आधीचा एक फोन बरा. कापण्याआधी पूर्ण साडीचा फोटो काढून ठेवा.

मग प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. जिथे उभे-आडवे धागे विरळ दिसतील तो भाग एकटा टिकणार नाही. त्यामागे पातळ मलमल लावा किंवा तो सोडून द्या. नवं कापड असेल तर धुऊन, आटवून मगच घ्या. लाल, अंजिरी, आमसुली आणि काळा यांची परीक्षा हवीच: ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबायची. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिक्या आभाळाशेजारी नको.

सगळी कापडं चित्रात असतील त्या क्रमाने चटईवर मांडा आणि मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. डोळ्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतात, पण त्या फोटोत दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळले तर लांबून बघणाऱ्याला आकार कळणार नाही. गडद, मध्यम आणि फिकं असे तीन थर स्पष्ट दिसेपर्यंत अदलाबदल करत राहा. माझ्या मते ही एक चाचणी बाकीच्या सगळ्या तयारीच्या बरोबरीची आहे, आणि नेमकी हीच लोक टाळतात.

आतल्या भरणाला जुन्या मऊ सुती साडीचे दोन थर पुरतात. भिंतीवर लावायची आहे, थंडीत पांघरायची नाही. परदेशात असाल तर दुकानात तयार सुती भरण सहज मिळेल, साड्या मात्र पुढच्या भारतभेटीत बॅगेत टाका. अस्तर आणि भरण चित्रापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठं कापा, कारण टाके पडतात तसं कापड आत ओढलं जातं.

बाकी सामान थोडकंच. कापडाची कात्री वेगळी, कागदाची वेगळी आणि घरातल्यांना तशी ताकीद. बारीक सुया, अंगुस्तान, टाचण्या, शिंप्याचा खडू, सुती दोरा आणि भरतकामाच्या लड्या. इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या पेनाची खूण थंडीत परत उमटू शकते आणि पाण्याने जाणारी निळी खूण पुसण्याआधी इस्त्री फिरली तर पक्की होऊन बसते. खडू बरा. इस्त्रीने चिकटणारं कागदी फ्युजिंग वापरणार असाल तर त्यावर आकार उलटा, आरशात दिसेल तसा काढावा लागतो, नाहीतर बैल भलतीकडे तोंड करून उभा राहतो.

टाक्यांचाही आराखडा हवा. रेखाटनाची आणखी एक, तिसरी प्रत काढून तिच्यावर पेन्सिलने दिशा दाखवा. पाण्याला आडवा धावदोरा, नांगरटीला जमिनीच्या उतारासारखा, झाडाच्या खोडाला उलटी टीप, झुडपांना गाठींचा टाका. पावसाचे तिरके टाके सगळ्यात शेवटी, सगळ्या थरांवरून, म्हणजे पाऊस खरोखर पुढे पडल्यासारखा दिसतो. नेहमीची गोधडी कडेने आत शिवत जातात. चित्राला उलट करा: कच्चा दोरा घालून थर बांधले की मधून बाहेर शिवा, म्हणजे फुगवटा कडेला निघून जातो.

मागच्या अस्तरावर वरच्या बाजूला काठी जाईल असा नेफा आणि खाली एक लहान पट्टी आधीच शिवून ठेवा, तीन थर जोडल्यावर ते काम किचकट होतं. पट्टीवर तुमचं नाव, साल आणि कोणत्या साड्या कोणाच्या, हे टाक्यांनी लिहा. भिंत थेट ऊन येणारी नको आणि पावसाळ्यात ओल धरणारी तर मुळीच नको.

राहिला नमुना. उरलेल्या कापडाचे तेच तीन थर घेऊन वीतभर तुकडा शिवा. त्यात पाणी आणि पाऊस दोन्ही असू द्या. धुवा, वाळवा, इस्त्री करा. चुण्या पडल्या तर दोरा सैल सोडायला हवा, रंग फुटला तर ते कापड बदलायला हवं. नमुना मनासारखा झाला की मोठ्या कापडावर पहिला टाका घाला.